वाचणाऱ्यालाही हसू यायला हवं

आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात एक खोली आहे. पूर्वी तिथे वॉचमनची खाट असायची, आता चार रॅक आणि एक सतरंजी आहे. नाशिकच्या इंदिरानगरातल्या त्या खोलीला 'वाचनालय' म्हणणं जरा जास्तच झालं, पण दर शनिवारी संध्याकाळी तिथे पंधरा-वीस पोरं जमतात आणि मी त्यांना मोठ्याने पुस्तकं वाचून दाखवते. गेल्या महिन्यात नव्या पुस्तकांसाठी सहा हजार रुपये मंजूर करायचे म्हणून कमिटीची बैठक झाली. यादी मीच केली होती. तिच्यात निम्म्याहून जास्त चित्रपुस्तकं होती, आणि तीही नुसत्या गमतीची. नमुना म्हणून मी एक सोबत नेलं होतं, रिक्षात बसायचा हट्ट धरून बसलेल्या म्हशीचं. ते हातोहात फिरलं. एका काकांनी ते दोन मिनिटांत संपवलं, मागचं कव्हर पाहिलं, किंमत पाहिली आणि शांतपणे विचारलं, "ताई, यातून मुलांनी घ्यायचं काय?"

माझ्या मदतीला दोन तरुण आया धावून आल्या. अशा पुस्तकांनी शब्दसंग्रह वाढतो, एकाग्रता वाढते, मेंदूची जडणघडण होते, पुढे इंग्रजीलाही फायदा होतो, असं त्यांनी एका दमात सांगितलं. काका म्हणाले, शब्दसंग्रहच वाढवायचा तर थोरांची चरित्रं द्या, शब्दही मिळतील आणि संस्कारही. मग तासभर हेच चाललं. एक बाजू म्हणते बोध हवा, दुसरी म्हणते फायदा होतो. म्हैस बिचारी टेबलावर उलटी पडून होती. गंमत अशी, की काकांपेक्षा माझ्याच बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मला जास्त खटकलं.

माझी भूमिका आधीच सांगून टाकते. लहान मुलांसाठी चित्रपुस्तक निवडताना बोध काय आणि फायदा काय, हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवावेत आणि एकच गोष्ट बघावी: मोठ्या माणसाला ते मोठ्याने वाचताना मजा येते का? पहिल्यांदा नाही, अकराव्यांदा. तीन-चार वर्षांचं मूल पुस्तक स्वतः वाचत नाही. मांडी एकाची असते आणि चित्रावरचं बोट दुसऱ्याचं. वाचणारा कंटाळला की ते मुलाला चेहऱ्याकडे न बघता, नुसत्या आवाजावरून कळतं. आपण मात्र मुलांची पुस्तकं औषधासारखी आणतो. देणाऱ्याने चव बघायची नसते, घेणाऱ्याने तोंड वाकडं करायचं नसतं. मग सहा महिन्यांनी तक्रार करतो, की हल्लीच्या मुलांना वाचनाची गोडीच नाही.

मुलांच्या पुस्तकांवरून आपल्याकडे भांडणं होतात, ती बहुतेक मोठ्यांची मोठ्यांशीच होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि महाराष्ट्राचं गणित बुडाल्यासारखा गहजब झाला. २०२४ मध्ये पहिलीच्या पुस्तकातल्या प्राण्यांच्या मैफलीच्या कवितेवरून पुन्हा तसंच. 'वन्समोअर' मराठी आहे का, 'शोर' कुठून आला, 'बोर'ला जुळवलेलं यमक किती ओढूनताणून आणलेलं, यावर सगळे तावातावाने बोलले. मलाही ती कविता काही फार आवडली नव्हती. पण या सगळ्या वादात ती कविता कुणी सहा वर्षांच्या चाळीस पोरांसमोर ठेका धरून म्हणून बघितली का? 'वन्समोअर' येतं तिथे वर्ग हसला की गप्प बसला? ज्यांच्यासाठी ती छापली होती त्यांचं मत घ्यायचा हा एकच मार्ग होता, आणि नेमका तोच कुणाला सुचला नाही.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. काका म्हणाले, "आम्ही 'श्यामची आई' ऐकत वाढलो. त्यातून माणूस घडला. म्हशीतून काय घडणार?" नाशकात या मुद्द्याला वेगळंच वजन येतं, कारण साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली इथल्याच तुरुंगात, फेब्रुवारीतल्या पाच दिवसांत लिहून काढलं. मी त्यावर काही हलकंफुलकं बोलून सुटका करून घेणार नाही. पुस्तकाने माणूस घडतो यावर माझाही विश्वास आहे. पण काकांचाच शब्द बघा: 'ऐकत'. त्या पुस्तकाची बांधणीच सांगण्या-ऐकण्याची आहे. प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं आहेत, श्याम बोलतो आहे आणि समोर ऐकणारी मंडळी बसली आहेत. मी काकांना विचारलं, तुम्हाला कोण वाचून दाखवायचं? म्हणाले, वडील. कडक माणूस, बोलायचे कमी. पण ठरावीक ठिकाणी आलं की त्यांचा आवाज फुटायचा, मग चष्मा पुसायचे, आणि आम्ही भावंडं खाली मान घालून बसायचो. त्या प्रकरणातला बोध काय होता, असं मी पुढे विचारलं, तेव्हा ते जरा थांबले आणि मग बरोबर सांगितलं. म्हणजे बोध आठवावा लागला, वडिलांचा फुटलेला आवाज मात्र न बोलावता आला. वाचणाऱ्याला स्वतःला काहीतरी होत होतं म्हणून ऐकणाऱ्यालाही झालं. कडक वडिलांनी ते पुस्तक मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून कोरड्या आवाजात उरकलं असतं, तर काकांना आज ते बैठकीत आठवलं असतं का? मी म्हणते ती मजा आणि तो गहिवर एकाच घरातले आहेत. फक्त गहिवर आठव्या-नवव्या वर्षी समजतो, म्हैस तिसऱ्या वर्षीच समजते.

शिवाय प्रत्येक गोष्टीच्या शेपटाला तात्पर्य बांधायची रीत आपल्याला वाटते तितकी आपली आहे का? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरात सरफोजीराजांनी इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या, नंतर मुंबईत इसापनीती आली, आणि छापील मराठी बालवाङ्मयाने पहिलीच पावलं टाकली ती तात्पर्याचा हात धरून. सवय तिथून लागली. त्याच्या पाच-सहा शतकं आधीचं बघा. कावळ्याचं घर शेणाचं आणि साळैचं घर मेणाचं, ही गोष्ट तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात, चक्रधरस्वामींच्या तोंडी आहे. हीच आपली काऊ-चिऊ. गेली सातशे वर्षं मराठी पोरं ती ऐकत आली आहेत, ती कशासाठी? घर पक्कं बांधावं, हे शिकण्यासाठी? पावसात घर वाहून गेलेल्या शेजाऱ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवावं, यासाठी? नीतीच काढायची म्हटलं तर चिऊताईचं वागणं फारसं आदर्श नाही. गोष्ट टिकली ती "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते", "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" या थांब-थांबमुळे. सांगणाऱ्याने ते हवं तेवढं लांबवायचं असतं. माझी आजी चिऊच्या बाळाला आंघोळ, पावडर, काजळ, टोपडं सगळं करून वर शिकेकाईने केस धुवायची, तोवर आम्ही काऊच्या वतीने दार बडवत असायचो. आजीला स्वतःला त्यात केवढी मजा यायची!

आणि निव्वळ वेड्यावाकड्या बोलण्याचं म्हणाल, तर ते आपल्या सगळ्यात गंभीर परंपरेतच आहे. काट्याच्या अणीवर तीन गावं वसली, दोन ओसाड, एक वसलंच नाही. तिथे तीन कुंभार आले, दोन थोटे, एकाला हातच नाहीत, आणि ज्याला हातच नाहीत त्याने मडकी घडवली. वारकऱ्यांच्या दिंडीत टाळ कुटत हे म्हणतात. त्याचा आध्यात्मिक अर्थ आहे, आणि तो मोठा आहे. पण लहानपणी पहिल्यांदा ऐकताना त्या अर्थाने कुणाला धरून ठेवलं? हात नसलेल्या कुंभारानेच. इंग्रजीतही हेच झालं. आयझॅक वॉट्सने १७१५ साली मुलांसाठी नीतिपर कविता लिहिल्या, त्यातल्या उद्योगी मधमाशीचं गुणगान इंग्रज पोरांच्या पिढ्यांनी पाठ केलं. १८६५ साली लुईस कॅरलची ॲलिस तीच कविता म्हणायला जाते आणि तिच्या तोंडून मधमाशीऐवजी छोट्या मासोळ्यांना हसतमुखाने जबड्यात घेणारी मगर निघते. मुलांनी वर्गाच्या मागच्या बाकांवर असली विडंबनं आधीच केली असणार, कॅरलने फक्त ती छापून आणली. आज मगर सगळ्यांना माहीत आहे, मधमाशी तळटीपेत गेली.

बैठकीत आणखी एक वाक्य पडलं: चित्रपुस्तक हे मुळात परदेशी फॅड, आपली परंपरा कानाची. दुसरा भाग मान्य. पण कान आणि डोळा एकत्र जुंपायची कला आपल्याला बाहेरून यावी लागली नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान्पिढ्या चित्रांची पोथी समोर धरून, एकेक चित्र पुढे करत, रामायण-महाभारतातल्या कथा गात आले आहेत. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढचं चित्र कधी दाखवायचं हे चित्रकथीच्या हातात असतं, आणि तोवर लोकांना धरून ठेवायचं काम आवाजाचं. चित्रपुस्तकात तेच पान उलटण्यात असतं. कागदाच्या घड्यांच्या हिशेबामुळे जगभर ही पुस्तकं बहुतेक बत्तीस पानांची होतात, आपल्याकडे सोळा किंवा चोवीसचीही. उजव्या पानाच्या तळाशी वाक्य अर्धवट सोडायचं आणि उरलेलं पान उलटल्यावर द्यायचं, यात अर्धी करामत आली. म्हशीच्या पुस्तकात रिक्षावाला म्हणतो, "बरं बाई, बस, पण..." आणि पान संपतं. सतरंजीवर एक चार वर्षांची आहे, ती या जागी पानावर अंगठा दाबून धरते. मला उलटू देत नाही. पुढे काय आहे ते तिला पाठ आहे, आणि म्हणूनच उलटू देत नाही. पहिल्यांदा तिने असं केलं तेव्हा मी नुसतीच थांबले, तर म्हणाली, "आजी, तू 'पण' म्हण ना परत. हळू म्हण." मी 'पण' म्हटलं. पुरेसं हळू नव्हतं. तिसऱ्या वेळेला तिचं समाधान झालं आणि अंगठा उचलला गेला. दिग्दर्शन म्हणतात ते यालाच.

आता माझ्या बाजूच्यांकडे येते. शब्दसंग्रह वाढतो, हे खोटं नाही. आम्ही रोज बोलतो ती भाषा मोजक्या शब्दांत भागते. 'भसकन', 'लुटुलुटु', 'सर्रकन', 'डुबुक', 'तारांबळ', 'लुडबुड' हे शब्द स्वयंपाकघरात रोज येत नाहीत, पुस्तकात येतात. पण फायदा होतो म्हणून वाचा, असं म्हटलं की आपण काकांच्याच मैदानात जाऊन खेळतो. मग ते बरोबर विचारणार, की याहून जास्त फायद्याचं काय? शब्दांची तक्ते-कार्डं आहेत, मोबाईलवर ॲप आहेत, तासाला अमुक शब्द. फायद्याच्या शर्यतीत म्हैस हरणारच. येवल्यात संक्रांतीला घराघराच्या गच्चीवर आसाऱ्या, म्हणजे मांज्याच्या फिरक्या, घेऊन माणसं पतंग उडवतात, ती काय खांद्याच्या व्यायामासाठी? व्यायाम होतो, दुसऱ्या दिवशी खांदे भरून येतात. पण व्यायामासाठी उडवा असा फतवा काढला, तर पुढच्या संक्रांतीला गच्चीवर किती जण दिसतील?

या बाबतीत अमेरिकेतला एक किस्सा मला फार बोलका वाटतो. १९५४ साली जॉन हर्सी या पत्रकार-कादंबरीकाराने 'लाइफ' साप्ताहिकात लेख लिहून विचारलं, की पोरं वाचायला का शिकत नाहीत? त्याचं एक उत्तर होतं, की शाळेतल्या वाचनमाला भयंकर कंटाळवाण्या आहेत. त्यातली मुलं इतकी गुणी, इतकी स्वच्छ, की त्यांचं पुढे काय होणार याची कुणाला उत्सुकताच नाही. मग एका पाठ्यपुस्तक प्रकाशकाने डॉ. स्यूस या चित्रकार-लेखकाला शब्दांची मर्यादित यादी दिली आणि म्हटलं, पहिलीतल्या पोराला खाली ठेववणार नाही असं पुस्तक कर. १९५७ मध्ये 'द कॅट इन द हॅट' आलं, वेगवेगळे शब्द अवघे २३६. फायदावाले इथे टाळी मागतात: बघा, वाचनकौशल्यासाठीच ते लिहिलं होतं! हो, मागणी तशी होती. पण तेवढेच मोजके शब्द त्या जुन्या वाचनमालांतही होते की. फरक कशात होता? आई घरात नाही, बाहेर पाऊस, आणि उंच टोपीवालं एक मांजर आत घुसून सगळं घर उलथंपालथं करतं. शेवटी आई विचारते, आज काय केलंत? पुस्तक मुलांना विचारतं, तुम्ही असता तर सांगितलं असतं का? बोधाच्या दृष्टीने हा शेवट पाहा. कुठल्याही कमिटीने तो मंजूर केला नसता.

मजेतून काय होतं हे मला एका हातच्या पुस्तकानेच दाखवलं. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक सोडलं हे पेपरात येतं, पण गावात विचारतात ते 'मारुतीच्या कुठवर आलं?' पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. मला नेहमी वाटायचं, की हे तर तयार चित्रपुस्तक आहे. गोष्ट पानापानाने चढते, आणि शेवटच्या पानापर्यंत कुणाला खात्री नसते. गेल्या पावसाळ्यात मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर ते काढलं. चित्रकला माझी बेताची, मारुतीपेक्षा तो कुस्तीचा पैलवान दिसतो. प्रत्येक पानावर निळं पाणी एक बोट वर आणि खाली एकच ओळ: 'पाणी आलं गुडघ्याला, मारुती म्हणाला...' आणि मारुती दर वेळी काहीतरी भलतंच म्हणतो. गुडघ्याला पाणी आलं तर म्हणतो 'गार आहे', कमरेला आलं तर 'चला, आंघोळ झाली', छातीला आलं तर 'साबण कुठंय?' दुसऱ्या शनिवारपासून पोरांनी माझी वाक्यं काढून टाकून स्वतःची घातली. गळ्याच्या पानाला एक जण ओरडला, 'मिसळ पाठवा!' त्यावर इतका गोंधळ झाला, की तिसऱ्या मजल्यावरून फोन आला. आणि त्यातल्याच एका आईने मला बाजूला घेऊन मनापासून सुचवलं, "आजी, यात शेवटी पूर आल्यावर काय करावं याचे पाच मुद्दे घातले तर?" बाई चांगली आहे. पाच मुद्देही चांगलेच असतील. ते सोसायटीच्या फलकावर लावावेत. माझ्या मारुतीच्या हातात कशाला?

पैशाचा मुद्दा खरा आहे, आणि त्याच्याकडे नाक मुरडणाऱ्या पुस्तकप्रेमींचा मला रागच येतो. दोनशे शब्द, दीडशे रुपये. तेवढ्यात जाडजूड बोधकथासंग्रह येतो, एकशे एक कथांचा. पण हिशेब पानांवर करायचा की वाचनांवर? आमच्या खोलीतलं म्हशीचं पुस्तक मी किमान साठ वेळा वाचलं असेन. एका वेळेला अडीच रुपये पडले. बोधकथासंग्रह पहिल्या सतरा पानांपर्यंत मळलेला आहे, पुढचा कोरा. आणि स्वस्तातही पर्याय आहेत. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तकं खिशाला परवडतात, प्रथमच्या स्टोरीवीवरवर तर ती फुकट वाचता येतात. शिवाय हे गाव ग्रंथालयांना नवखं नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या इथूनच परगावी, परदेशी पाठवल्या. तेव्हा पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही.

याहून अवघड मुद्दा बैठकीत कुणी काढलाच नाही, म्हणून मीच काढते. वाचून दाखवायचं कुणी? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या करणारे आईबाप आठ वाजता घरी येतात, काही जण आठ वाजता निघतात. काही घरांत वाचता येणारं माणूसच नाही. 'मोठ्यांना मजा आली पाहिजे' ही अट अशा घरांवर लादणं म्हणजे सुखवस्तू माणसाचा शहाणपणा नव्हे का? काही अंशी आहे. माझ्याकडे त्याचं पुरतं उत्तर नाही. पण एक पाहिलेलं सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या एक ताई सटाण्याकडच्या आहेत. त्यांचा मुलगा शनिवारी बसायला येतो. एकदा त्या त्याला न्यायला आल्या आणि थांबल्या. अक्षर नसलेलं, नुसत्या चित्रांचं एक पुस्तक माझ्या हातात होतं, बकरी घर सोडून निघते असं काहीतरी. मी म्हटलं, ताई, तुम्ही सांगा. "माले वाचता येत नही." म्हटलं, यात वाचायला काही नाहीच. मग त्यांनी अहिराणीत सुरू केलं. बकरीला दारात अडवून कुत्रा विचारतो, "कथा जाई ऱ्हायनी वं?" पोरांना वाटलं, बकरी कथा सांगायला निघाली. अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे', हे ताईंच्या पोराने छाती फुगवून सगळ्यांना समजावलं. मग दर पानाला अख्खी सतरंजी एका सुरात विचारायला लागली: कथा जाई ऱ्हायनी? ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि सांगत होत्या. त्या दिवशी त्यांच्यासमोर बोधकथासंग्रह ठेवला असता, तर त्या दारातूनच परत गेल्या असत्या. मजा ही शिकलेल्यांची मिरास आहे, हे गृहीतच मुळात तपासायला हवं.

माझ्या मोजपट्टीला एक धोका आहे, तोही कबूल करते. मोठ्यांना आवडणारी काही पुस्तकं मुलांच्या डोक्यावरून मोठ्यांनाच डोळा मारत असतात. कागद देखणा, रंग फिकट, चेहरे उदास, दर पानावर एक हळवी ओळ. आपण हातात घेऊन 'अहाहा' म्हणतो, पोर तिसऱ्या पानाला उठून पाणी प्यायला जातं. म्हणूनच मी 'मोठ्याने वाचताना' हा शब्द सोडत नाही. डोळ्याला आवडलेलं पुस्तक आणि जिभेला आवडलेलं पुस्तक यांत फरक आहे. दुकानात उभ्या उभ्या दोन पानं मोठ्याने वाचा, लाज वाटली तर कुजबुजत वाचा. तिथेच कितीतरी भाषांतरं गळतील. 'ओह, किती सुंदर दिवस आहे हा!' असं मराठी सशाने कधी म्हटलंय का? तो म्हणेल, 'आज काय ऊन पडलंय!' नाहीतर गाजर खाईल आणि काहीच म्हणणार नाही. मूळ पुस्तकात जिथे यमकाने हसवलं असतं, तिथे मराठीत नुसता अर्थ येऊन बसतो, पाहुण्यासारखा, चहाची वाट बघत. अशी पुस्तकं चित्रांच्या जोरावर खपतात आणि मग घरोघर ऐकू येतं, की मराठी पुस्तकांत मजा नाही. आपली भाषा या कामात जगात कुणाला हार जाणारी नाही. भोपळा टुणूक टुणूक जातो, पोर दुडुदुडु धावतं, उंदीर तुरुतुरु पळतो, आणि म्हातारी लुगडं सावरत तरातरा. चार चालींचे चार आवाज. ते छापणाऱ्याला आणि भाषांतर करणाऱ्याला ऐकू यायला हवेत, एवढीच अट.

राहता राहिला अक्षरओळखीचा मुद्दा. दुसरीतल्या मुलाला जोडाक्षरं येत नसतील, तर ती शिकवावीच लागतील, कष्टाने, रोज, वहीत गिरवून. चित्रपुस्तक ते काम करत नाही, आणि करतं असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण गिरवून गिरवून जिथे पोचायचं तिथे काय आहे, हे मुलाने आधी बघितलेलं असलं तर बरं.

सहा हजारांचं शेवटी तडजोडीवर मिटलं. तीन हजारांची माझी यादी, तीन हजारांची काकांची चरित्रं. काकांनी विचारलं, मीही शनिवारी येऊन एक प्रकरण वाचून दाखवू का? मी म्हटलं, जरूर या, फक्त तुमच्या वडिलांसारखं वाचा. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या शनिवारची वेळ विचारून गेले.

इकडे मारुतीच्या पुस्तकाची हालत वाईट आहे. गळ्याचं पान मधोमध फाटलं, त्याला टेप लावलाय, पाण्याचा निळा रंग पोरांच्या बोटांनी मारुतीच्या नाकापर्यंत चढलाय. नवीन प्रत काढायला घेतली आहे. पण गेल्या शनिवारी अंगठेवालीने एक अडचण काढून ठेवली. मारुतीला तोंडं दोन, एक पुढे, एक मागे. मी सगळ्या पानांवर पुढचंच काढलंय आणि पुढचंच बोलतंय. "आजी, मागच्या तोंडाला काय दिसतं? ते का नाही बोलत?" म्हणजे पुन्हा सगळी पानं काढायची, मागच्या बाजूने. कॅलेंडरं आणली आहेत. ते तोंड काय बोलणार, हे अजून सुचलेलं नाही.